नखं माझी, हात प्राचीचा

रेवसच्या रस्त्याला मिनीडोरच्या पाठीवर चिकटवलेला एक हात तुम्ही पाहिला असेल. मिनीडोर म्हणजे आमच्याकडची सहा सीटची रिक्षा, जिच्यात आम्ही दहा जण बसतो. फोटोत पाच बोटं, पाच मोरपंखी नखं, आणि खाली मोठ्या अक्षरात: 'प्राची ब्युटी पार्लर. जेल मॅनिक्युअर. तीन आठवडे रंग हलणार नाही.'

तो हात माझा आहे. हसू नका. मी सगुणा, साठी उलटलेली, उभा जन्म मिठागरात गेलेली, कपाळावरचं कुंकू कधीच पुसलं गेलेली बाई. फोटोवाला म्हणाला, मावशी, सुरकुत्या पुसून देतो. मी म्हटलं, मेल्या, सुरकुत्या पुसल्यास तर तो हात माझा कसा राहील? पुसू नको, जसा हाय तसा छाप. पार्लरात बसून बसून माझी भाषा सुधारली असं प्राची म्हणते. चिडले की मात्र पुन्हा हाय-न्हायवर येते, आणि चिडते मी फार.

प्राची माझी सून. माझा दिपेश ट्रक चालवायचा. एक दिवस गाडी घेऊन गेला तो घरी आलाच नाही, आणली ती त्याची बॉडी. त्यावर मी जास्त बोलत नाही. बारावं झालं, पाहुणे पांगले आणि घरात आम्ही दोघी उरलो. पोरीला आईबाप नव्हते. भाऊ होता, तो दारात उभा राहून म्हणाला, ताईला नेलं असतं पण जागा लहान हाय. मी म्हटलं, जागा लहान न्हाय रे, तुझं मन लहान हाय, चल निघ. त्या दिवसापासून ती माझीच झाली.

पडवीत आडवा पडदा लावून तिनं पार्लर टाकलं. भुवया, फेशियल, लग्नाचा मेकअप, सगळं चालू होतं. मग पनवेलला जाऊन हे जेलचं शिकून आली. जेल म्हणजे आपलं साधं नखपॉलिश नव्हे. आधी नख घासायचं, मुळाशी चामडी मागे सारायची, मग एक पातळ थर, मग रंग, मग वरची चकाकी, आणि प्रत्येक थराला बोटं त्या निळ्या दिव्याच्या डब्यात घालून बसायचं. दिव्यातच ते सुकतं. मग धुणी धुवा, भांडी घासा, काही होत नाही. पण हात बसल्याशिवाय गिऱ्हाईक कसं घेणार? सरावाला नखं हवीत. गावातली एक बाई पुढे येईना. प्राची माझ्यासमोर पाट ओढून बसली आणि म्हणाली, "आये, तुझा हात दे."

"माझा? अगो, रंडकी बाई मी. लोक काय म्हणतील?"

"लोकांना हात मागितला न्हाय मी. तुझा मागितला."

आता खरं सांगते. मिठानं चिरून चिरून माझी बोटं खरवडलेल्या नारळासारखी झालेली. त्या बोटांना कुणी इतक्या हलक्या हातानं धरलं नव्हतं कधी. नवऱ्यानं नाही, आईनं धरलं असेल तर मला आठवत नाही. तासभर ही पोर माझा हात मांडीवर घेऊन बसायची, एकेक बोट उचलायची, फुंकर मारायची, दिव्यात ठेवायची, काढायची. मी तोंडानं बडबडायचे, किती वेळ लावतेस गो, चुलीवर आमटी हाय. आणि मनातून वाटायचं, संपू नये हे.

जेलचा रंग तीन आठवडे टिकायला हवा, माझा आठवडाभर टिकेना. कारण दुपारी जरा आडवी पडले की मी दातानं कडेचा पापुद्रा उचकटायचे. एकदा प्राचीनं माझं बोट उजेडात धरलं आणि म्हणाली, "आये, तू उंदीर हायस काय? बसायचं असेल तर तसं सांग ना. नखं कशाला खराब करतेस?"

"कुणाला बसायचंय तुझ्यापुढे! कामं न्हायत मला?" असं म्हणाले आणि बसले.

धंदा चालेना तेव्हा जाहिरात मीच झाले. बायका म्हणायच्या, असली नखं घेऊन भाकरी कशी थापायची? कोलंबी कशी सोलायची? बंगलेवाल्या बायांचे चोचले हे. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, प्राची, काढ तुझा मोबाइल. परात पुढे घेतली, तांदळाच्या पिठाची गरम उकड मळली, भाकरी थापली, पाण्याचा हात फिरवला आणि तव्यावर टाकून नखं कॅमेऱ्यापुढे नाचवली. "बघा गो बायांनो, गेला काय रंग? न्हाय ना? मग या आता, आणि शनिवारीही या. शनिवारी नखं कापायची नसतात, रंगवायला कुणी मना केलंय?" तो व्हिडिओ अलिबागपासून उरणपर्यंत फिरला. मोबाइल वाजायचा थांबेना.

लग्नसराईत मात्र तोंडावर पडलो. शेजारच्या गावची अमिषा, तिला हौसेनं फिकट गुलाबी नखं करून दिली. दुसऱ्या दिवशी हळद. आमच्या आगऱ्यांची हळद म्हणजे बोटाला लावली आणि झालं असली नव्हे, नवरी पायापासून डोक्यापर्यंत माखते, वर नाच. लग्नाच्या दिवशी सकाळी अमिषा रडत दारात. दहाही नखं पिवळीधम्मक, कावीळ झाल्यासारखी. जेलच्या वरच्या थरात हळद जाऊन बसते हे पनवेलच्या बाईनं शिकवलंच नव्हतं, तिच्याकडे कोण असं हळदीत लोळतंय! प्राचीचा चेहरा उतरला. मी म्हटलं, रडता काय दोघी, वरचाच थर पिवळा हाय ना? तेवढाच घास आणि नवीन चढव. तसं केलं, अर्ध्या तासात नखं पुन्हा गुलाबी. तेव्हापासून आमचं 'हळदी पॅकेज' सुरू झालं: आधी नखं, मग हळद, लग्नाच्या सकाळी वरचा थर फुकट. नवऱ्यामुलींची रांग लागली.

हे सगळं चालू असताना प्राचीची स्वतःची नखं मात्र कोरी. दिवसभर दुसऱ्यांची रंगवणार, स्वतःच्या बोटाला थेंब लावणार नाही. मी म्हणायचे, एक कोट मार ना गो, पार्लरवालीचीच नखं अशी? ती म्हणायची, मला कशाला. तिशीची पोर. तिचं काय वय होतं 'मला कशाला' म्हणायचं?

तो फोटो मिनीडोरच्या पाठीवर लावला गणराजनं. मिनीडोर त्याचीच. मूळचा श्रीवर्धनचा, इथे आत्याकडे, म्हणजे मनुबाईकडे राहून गाडी चालवायचा. पहिलं लग्न मोडलेलं. रेवसच्या धक्क्यावर लाँचमधून उतरलेल्या मुंबईच्या बायांना तो थेट आमच्या दारात आणून सोडायचा. भाड्यापुरतं बोलायचा, पाणी मागायचा, जायचा. चांगला मुलगा. मला आवडायचा, तोपर्यंत.

तोपर्यंत म्हणजे प्राचीची करंगळी दिसेपर्यंत. एका सकाळी ती मला चहा देत होती आणि कपाच्या कानाशी तिची करंगळी वळलेली, तिच्यावर फिकट गुलाबी रंग. एकाच बोटावर. बाकी नऊ कोरी. मला बोलल्याशिवाय राहवत नाही, पण त्या दिवशी राहवलं. दुपारी मिनीडोर दारात थांबली तेव्हा मी प्राचीकडे बघितलंच नाही, तिच्या हाताकडे बघितलं. करंगळी पदरात लपवली होती.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. देवाशप्पथ सांगते, मला एकच वाटलं, ही गेली की मी कुणाकडे बघून जगू?

त्यातच बातमी आली की श्रीवर्धनला गणराजच्या बापाचे, भागोजीचे, पाय गेले. सुपारीची वाडी बघायला कुणी नाही, गणराज कायमचा परत चाललाय. म्हटलं, सुटले. आणि दुसऱ्याच दिवशी मनुबाई पुडीत साखर बांधून दारात हजर.

ती कशाला आली ते मला साखरेवरूनच कळलं. नाही म्हणायचं मी रात्रीच ठरवून ठेवलं होतं, शब्दही जुळवले होते: पोर अजून दुःखात हाय, पार्लर आत्ता कुठं बसलंय, श्रीवर्धन लांब पडतं. पडद्याआड प्राची कुणाची तरी नखं घासत होती, फाइलचा आवाज येत होता. मनुबाईनं नमनाला घडाभर तेल घातलं आणि मग म्हणाली, "हे बघ सगुणा, पोरगी चांगली हाय. पण दुसरेपणाची हाय. तेव्हा मांडव, हळद असलं काय नको. देवळात नेऊ, गळ्यात माळ घालू, रातोरात श्रीवर्धनला पाठवू. झाकली मूठ सवा लाखाची."

पडद्यामागचा फाइलचा आवाज थांबला.

माझं डोकंच फिरलं. "काय म्हणालीस? झाकली मूठ? माझी पोर काय चोरीचा माल हाय, अंधारात गाडीत घालायला? अगो, पंचक्रोशीतल्या नवऱ्यामुलींची हळद तिनं नखातून काढलीय, आणि तिलाच हळद न्हाय? मांडव पडंल! हळद लागंल! बेंजो वाजंल! धवलारीण येऊन गाणी गाईल! आणि तुझा तो गणराज हाय ना, तो वरात घेऊन या दारात येईल, तेव्हा देईन मी माझी पोर!"

मनुबाईनं पुडी सोडली आणि साखरेची चिमूट माझ्या उघड्या तोंडात टाकली. "म्हणजे तुझा होकार हाय तर."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. साखर तोंडात विरघळलीसुद्धा.

ती गेल्यावर प्राची बाहेर आली. पायाशी बसली. "आये, तू रागात बोललीस, मला माहीत हाय. तू न्हाय म्हण. तू न्हाय म्हणालीस तर मी पण न्हाय म्हणेन, आणि पुन्हा हा विषय निघणार न्हाय. तुझ्या गळ्याची शपथ."

तेव्हा एक शब्द पुरे होता. मी तो जिभेवर आणलासुद्धा. मग तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ती करंगळी मला पुन्हा दिसली. रंग अर्ध्यावर सरकला होता, मुळाशी कोरं नख आलं होतं. म्हणजे लावून किती दिवस झाले, आणि या पोरीनं दुसऱ्यांदा लावायची हिंमत केली नव्हती.

"एका बोटानं काय होतं?" मी म्हटलं. "लावायचा तर दहाही बोटांना लाव."

ती रडली. मी ओरडले, रडायला काय झालं, गिऱ्हाईक बसलंय आत. रात्री ती म्हणाली, आये, तू पण चल श्रीवर्धनला. मी म्हटलं, सुनेच्या दुसऱ्या नवऱ्याच्या घरी जाऊन राहू? लोक शेण घालतील तोंडात. आणि दिपेशचा फोटो कुणाच्या भरवशावर ठेवू?

मांडव पडला. हळदीला पाच सवाष्णी वाटी घेऊन तयार, धवलारणीनं सूर लावला. मी आपली मागे, खांबाला टेकून. विधवेनं अशा वेळी मागेच राहायचं असतं, ते मला कुणी सांगायला नको. पाटावर बसलेल्या प्राचीनं मान वळवली. "पहिली हळद आये लावंल."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "गप बस. अपशकुन करू नको आपल्या हातानं. लावा गो तुम्ही."

तिनं डोळे मिटले आणि चेहरा माझ्याच दिशेला धरून बसली. सवाष्णींनी हाका मारल्या, धवलारणीचं एक गाणं संपलं, दुसरं संपलं, ही हलेना. शेवटी धवलारीणच म्हणाली, "सगुणा, जा बाय. पोरीची मान दुखंल." गेले. अर्धी हळद तिच्या साडीवरच सांडली. गालाला लावली, कपाळाला लावली. कपाळाला लावताना दिपेशच्या लग्नात ती नवी सून होऊन दारात उभी होती ते आठवलं, आणि मग मला काही दिसेना.

लग्नाच्या सकाळी तिनं माझ्यापुढे हात केला. म्हणाली, आज तू लाव. मी आयुष्यात ब्रश धरलेला नाही. रंग नखापेक्षा चामडीवरच जास्त गेला. ती हसून म्हणाली, "गिऱ्हाईक असतं तर पैसे परत मागितले असते." मी म्हटलं, "गिऱ्हाईक असतीस तर बरं झालं असतं, तीन आठवड्यांनी परत आली असतीस." बोलून गेले. दिवा आपला निळा जळत राहिला.

पाठवणीला मी रडले नाही. निघा आता, उशीर होतोय, असं सगळ्यांवर खेकसत होते. निळा दिवा, बाटल्या, खुर्ची, सगळं मीच त्या मिनीडोरमध्ये भरलं. तिकडे पर्यटक येतात, तिकडे चालेल तुझं पार्लर, इथे ठेवून मी काय आंघोळ घालू त्याला? गाडी सुरू झाली. वळणापर्यंत माझाच हात मला दिसत राहिला, मोरपंखी नखांचा, खाली तिचं नाव. आणि मग तोही गेला.

पडवी मोकळी झाली. पडदा तसाच ठेवला. बायका येऊन विचारायच्या, मावशी, प्राची कधी येणार? मी म्हणायचे, मला काय ठाऊक, मी काय तिची सेक्रेटरी हाय? आणि दार लावून घ्यायचे. चहा दोन कप टाकायचे आणि दोन्ही मीच प्यायचे. तिचा फोन रोज यायचा. काय जेवलीस, गोळी घेतलीस काय, पाय दुखतो काय. मी सगळ्याला हो म्हणायचे. ये म्हणायचं जिभेवर यायचं आणि मी विचारायचे, तिकडे मासळी ताजी मिळते ना?

लग्नानंतर नवरीला आणायला माहेरचं माणूस जातं, त्याला आमच्याकडे मुळाला जाणं म्हणतात. भाऊ जातो, नाहीतर बाप जातो, तिला चार दिवस माहेरी घेऊन येतो. तीन महिने मी वाट बघितली, कुणीतरी विषय काढेल. मनुबाई म्हणाली, दुसऱ्या लग्नाला कसलं आलंय मूळ! भावाला फोन केला तर तो म्हणाला, सुट्टी न्हाय. मग मी ठेवणीतलं लुगडं काढलं, डब्यात नारळीपाक भरला आणि पहाटेची एसटी धरली.

श्रीवर्धनला वाडीत शिरले तर ओसरीवर भागोजी खाटेवर बसलेला. त्यानं माझ्या मागे वाकून बघितलं. "मुळाला आलात व्हय? माहेरचं कोण आलंय?"

"मी आलेय."

"तसं न्हाय. तुम्ही तर सासू. माहेरचं कोण?"

"डोळे गेले काय पायाबरोबर?" मी म्हटलं. "माहेरचीच आलेय. हीच बघा, उभी हाय तुमच्यापुढे."

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. प्राची धावत आली ती ओल्या हातांनीच. दहाही नखं लालभडक होती. मला मिठी मारली, मग माझे हात हातात घेतले आणि बघतच राहिली. माझ्या नखांवरचा मोरपंखी रंग पार टोकाला गेला होता, मागे सगळं नख कोरं वाढलेलं. एक पापुद्रासुद्धा उचकटलेला नव्हता.

"आये, हे काय गो?"

"काय म्हणजे? तू लावलेला हाय. तीन आठवडे टिकतो म्हणून जगाला सांगतेस, जास्त टिकला तर तक्रार करतेस?"

तिनं माझी बोटं गालाला लावली. गणराज नारळाच्या झाडाखाली उभा होता, तो तोंड फिरवून वाडीत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी निघालो. अलिबागला गाडी बदलली, रेवसच्या एसटीत बसलो. श्रीवर्धनपासून तिचं तोंड चालू होतं, कोणती गिऱ्हाइकं येतात, सासरा कसा तिरसट पण मनाचा चांगला, गणराजनं नवा बोर्ड कसा रंगवून घेतला. मग बोलता बोलता माझ्या खांद्यावर डोकं टाकलं आणि तशीच झोपली. तोंड थोडं उघडं, लहान पोरासारखं. मी हललेसुद्धा नाही. चार दिवसांनी तिला परत पोचवायचं होतं, आणि त्यातला एक एसटीतच चालला होता.

आमचा थांबा आला. कंडक्टरनं घंटी मारली. मी खिडकीबाहेर आमचं घर बघितलं, पडवी बघितली, आणि बसून राहिले. गाडी पुढे निघाली तसा कंडक्टर पुढे आला.

"मावशी, तुमचा गाव गेला. पुढं आता धक्काच हाय, तिथून गाडी परत फिरते."

"मग परत येताना उतरू," मी म्हटलं. "आणि हळू बोल जरा. माझी पोर झोपलीय."